कुंभारणीसाठी भिजवलेली माती

आमच्या परसदाराच्या चौकटीवरचं कुंभारणीचं घर मी पाडलं. रंग देण्याआधी पोपडे खरवडतात तसं, पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढलं. हे त्याच संध्याकाळी कबूल करायला हवं होतं. मी खोटं बोललो, आणि ते आपल्या हातून झालं असं धरून माझ्या बायकोनं पुढची कित्येक वर्षं काढली. मला ते रोज दिसत होतं.

कुंभारीण म्हणजे कमरेत दोऱ्याइतकी बारीक असलेली काळी-पिवळी माशी. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणते आणि चौकटीवर, तसबिरीमागं, बटणांच्या पेटीत, जागा मिळेल तिथं सुपारीएवढ्या खोल्या लिंपत बसते. लिंपताना गुणगुणते. आमच्याकडं म्हणतात, कुंभारणीनं घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. म्हणून तिचं घर कुणी पाडत नाही. वर्षानुवर्षं चौकटींवर मातीचे ते वाळके गोळे तसेच राहतात, आणि त्यांना वळसा घालून रंगाचा हात फिरतो.

लोणंदला गावाच्या कडेला आमचं घर आहे. मी शिरवळच्या एका कारखान्यात नोकरीला. घरात आई, बायको आणि मी. मागं थोडी मोकळी जागा, त्यात आईची बाग: लिंबू, शेवगा, कढीपत्ता, मोगरा, दोडक्याचा मांडव. शेवगा फुलला की मधमाश्यांनी झाड घुमायला लागायचं. आई उन्हाळ्यात त्यांच्यासाठी परातीत पाणी ठेवायची आणि बुडू नयेत म्हणून त्यावर काटक्या सोडायची. मधमाशी तिच्या लेखी लक्ष्मी होती आणि गांधीलमाशी वैरी.

बायकोला हा फरक मान्य नव्हता. तिचं माहेर सांगलीकडचं, द्राक्षबागेचं. लहानपणी बागेत गांधीलमाशीनं तिच्या पापणीवर डंख मारला होता. तोंड एवढं सुजलं, की बापानं हाक मारून ओळख पटवली, असं ती सांगायची. काहीही घोंघावलं की ती पदर डोक्यावर घेऊन आत पळायची.

"आगं, मधमाशी हाय ती," आई म्हणायची. "तिला तुझ्यापरास शेवग्याचं फूल गोड लागतंय."

"चावल्यावर तिला इचारत बसू व्हय आत्ती, तू कंची म्हणून?" सासूला ती आत्ती म्हणते.

दोघी हसायच्या. तेव्हा आमच्या घरात हसू होतं, पण मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. साताऱ्याचे डॉक्टर झाले, मग माहेर जवळ म्हणून सांगलीचे झाले. गोळ्या, सुया, तपासण्या, एसटीचे हेलपाटे. परतताना ती खिडकीशी बसायची आणि आम्ही दोघंही फक्त उसाबद्दल, पावसाबद्दल बोलायचो.

त्या वर्षी पावसाळ्यात एका सकाळी आईनं मला मागून हाक मारली. "आरं, चहा ठिव खाली आन् हिकडं ये. बघ कोण आलंय."

मला वाटलं पाहुणे. आई परसदाराच्या चौकटीकडं बोट करून उभी होती. वरच्या कोपऱ्यात एक कुंभारीण पहिली माती लावत होती.

"माहेरवाशीण आलीया," आई म्हणाली. "बाळातपणाला."

मी म्हणालो, "मग डिंकाचे लाडू करा तिला."

आई हसली नाही. बायको तिच्या मागं उभी होती, तीही हसली नाही. माशीला एवढी घाबरणारी बाई त्या दिवसापासून त्याच चौकटीखाली पायरीवर तांदूळ निवडायला बसू लागली. कुंभारीण तिच्या कानाजवळून ये-जा करायची. मी दार जोरात लावलं, तर आतून आवाज यायचा, "आवं, आपटू नका. तिचं काम चाललंय."

आणि खरोखरच तिला दिवस गेले.

आता माझ्या मनातलं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला आनंद झाला, आणि त्या आनंदातच राग आला. एवढे हेलपाटे आम्ही घातले, सुया तिनं टोचून घेतल्या, आणि आई हळद-कुंकवाचं बोट लावत होती चौकटीला. शेजारच्या बायका यायच्या, पोटाकडं बघायच्या आणि मग मान वर करून त्या मातीच्या गोळ्याकडं. कुंभारणीनं चांगला पायगुण दाखवला म्हणायच्या. मी शिकलेला माणूस, कारखान्यात हाताखाली माणसं असलेला, आणि माझ्याच घरात एका माशीला माझ्यापेक्षा जास्त मान. राग इतकाच होता. एवढासा.

भाद्रपदात लिंबाच्या झाडात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. शेजारच्या प्लॉटवर सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात, त्यांनी ते कुंपणावरून पाहिलं.

"आवं सायेब, दुश्मनाचा कॅम्प हाय तुमच्या लिंबूनीत. वहिनीसाब अशा टायमाला हितनं ये-जा करत्यात."

"औषध फवारू का?"

"फवारून चिडतील. दिवस बुडू द्या. समदी फौज बराकीत आली, की मग काम."

दिवस मावळताना त्यांनी बांबूला चिंध्यांचा बोळा बांधला, डिझेलमध्ये बुडवला आणि पेटवून पोळ्याखाली धरला. पोळं कागदासारखं जळालं. लिंबाची एक फांदी काळी पडली. बायको खिडकी लावून आतून बघत होती. हवालदारांनी तिला सॅल्यूट ठोकला, "एरिया क्लिअर!" आणि ती खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. जाताना त्यांची नजर चौकटीवर गेली. मी म्हणालो, "हीपण त्याच जातीची. हिचाही बंदोबस्त करायचा का?"

"छ्या! ती आपल्यातली हाय," ते म्हणाले. "तिला हात लावू नका."

घट बसायच्या आधी सगळं घर धुऊन काढायचं, गोधड्यांपासून डब्यांपर्यंत, याला आमच्याकडं 'दसरा काढणं' म्हणतात. पुढच्याच रविवारी आमचा दसरा निघाला. आई शेजारणींबरोबर गोधड्या घेऊन कालव्यावर गेली. बायकोला जड काही उचलायचं नव्हतं, म्हणून तिनं सकाळी लांब दांड्याच्या झाडूनं मागच्या बाजूची जळमटं काढली आणि जेवून आडवी झाली. माझ्याकडं परसदाराला रंग द्यायचं काम होतं.

मी पट्टीनं जुना रंग खरवडत वरच्या कोपऱ्यापर्यंत आलो. कुंकवाचे डाग दिसले. हात थांबवता आला असता. थांबला होता, मला आठवतं. मग मी पट्टी घराच्या बुडाशी घातली आणि दाबली. माती वाळून दगड झाली होती, टकटक आवाज करत निघाली. एका खोलीला भोक होतं, तिथलं पिल्लू उडून गेलेलं. बाकीच्या बंद होत्या. त्या खाली पडून फुटल्या. आत पिल्लाला खायला साठवलेल्या बारीक हिरव्या अळ्या गच्च भरलेल्या, आणि त्यांच्यामध्ये ते पिल्लू, एक पांढरी, मऊ, आंधळी अळी. ती हलत होती.

मी ते सगळं सुपलीत भरलं, मोगऱ्याच्या आळ्यात टाकलं, वर पायानं माती लोटली. आणि चौकटीला रंग दिला.

संध्याकाळी आई आली. ओल्या गोधड्यांचं ओझं तिनं खाली ठेवलं आणि वर बघितलं.

"घर कुठं गेलं?"

बायको आतून आली. तिनंही वर बघितलं, आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला. "सकाळी जळमटं काढली मी हितली," ती म्हणाली. "झाडू तर लागला न्हाई?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "तुला दिसलं का रं?"

माझ्या हातात ब्रश होता. मी म्हणालो, "मी रंग द्यायला घेतला तवा नव्हतंच तिथं."

हे वाक्य का आलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आईचा चेहरा बघून आलं. वाटलं, माशीच्या घरावरून कशाला तमाशा. चार दिवसांनी विसरतील. आई खाली वाकून फरशीवर घराचे तुकडे शोधू लागली. फरशी मी धुतली होती.

दिवाळीच्या आधी गर्भ गेला.

त्या दिवसाबद्दल मी लिहू शकत नाही. डॉक्टर सांगलीचे, सज्जन माणूस. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं, की गर्भातच दोष होता, कुणाच्या काही करण्या न करण्यानं हे झालेलं नाही. तिनं मान हलवली. घरी येताना एसटीत खिडकीशी बसून ती म्हणाली, "डॉक्टरला काय म्हायती, मी काय केलंय ते."

"तू काही केलेलं नाहीस."

"झाडू जरा वरनं मारला आसता तर?"

मी बाहेर ऊस बघत राहिलो.

आई तिला टाकून बोलली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. तिनं सुनेचं सगळं स्वतःच्या हातानं केलं. फक्त एकदा, तेल लावता लावता तिच्या तोंडून निघून गेलं, "कामाच्या घाईत झाडू जपून मारायचं राहून गेलं आपल्याकडनं." आपल्याकडनं म्हणाली ती. तरी बायकोनं तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मग उन्हाळा आला. एकदा सकाळी चहा घेताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, की ती बागेतल्या नळापाशी बसून माती भिजवते आहे. खडे वेचून काढत होती, बोटांनी ढेकळं फोडत होती. पोळीची कणीक मळावी इतकी मऊ माती.

"काय लावतीस?" मी खिडकीतूनच विचारलं.

"काय न्हाई. उन्हाळ्यात तिला ओली माती कुठं मिळणार? हितं मिळाली तर हितंच घर करंल."

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. माती वाळली की पुन्हा पाणी. त्या ओलीवर मधमाश्या पाणी प्यायला यायच्या. गांधीलमाश्याही यायच्या. पदर घेऊन पळणारी माझी बायको त्यांच्या मधोमध बसून राहायची. एकदा गांधीलमाशी तिच्या मनगटावर बसलेली बघून मी धावत गेलो.

"उठ! चावंल!"

"चावू दे," ती हात न हलवता म्हणाली. "माझं काय ते फिटंल तरी."

तिथं मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी म्हणालो, "असल्या खुळ्या समजुती आता सोड." तिनं माझ्याकडं बघितलं, जणू मी लांबच्या गावाहून आलेला कुणीतरी आहे, आणि पुन्हा नळ सोडला.

न सांगण्याची कारणं माझ्याकडं भरपूर होती. मी सांगितलं तर त्या समजुतीवर माझाही विश्वास आहे असं होईल, हे एक. डॉक्टरांनी सांगितलंय, मग माशीचा संबंध काय, हे दुसरं. रात्री अंथरुणावर ही कारणं पटायची. सकाळी खिडकीत उभं राहिलं, की एकही पटायचं नाही. खरं कारण एवढंच होतं, की तिनं माझ्याकडं कसं बघितलं असतं, याची मला भीती होती. दिवस जातील तशी ती भीती वाढत गेली, कारण आता नुसतं घर पाडल्याचं सांगायचं नव्हतं, इतके दिवस गप्प राहिल्याचंही सांगायचं होतं.

मग एके दिवशी एक कुंभारीण आली. बायकोनं मला हातानं खुणावून बोलावलं, श्वास धरून. माशीनं तिच्या मातीतली गोळी उचलली, गुणगुणत वर गेली, आणि आमच्या चौकटीवरून, कुंपणावरून, हवालदारांच्या गच्चीकडं गेली. दिवसभर तिच्या फेऱ्या चालल्या होत्या. माती आमची, घर त्यांचं. पुढं हवालदार पेढे घेऊन आले, त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. बिचारे दारातच घुटमळत उभे होते. बायकोनं पेढा घेतला, तोंडात टाकला. ते गेल्यावर म्हणाली, "आपल्याच मातीचं घर हाय ते. बरं झालं."

आणि त्या दिवशी तिनं नळापाशी जाणं बंद केलं.

पुन्हा उपचाराला ती तयार झाली नाही. वर्षं जातील तसा तिनं हळूहळू हात आखडून घेतला. हवालदारांच्या नातवाला तिनं कधी उचललं नाही. आई म्हणाली, मिरच्यांची रोपं लाव गं वाफ्यात, तर म्हणाली, "आत्ती, तुमीच लावा. माझा हात नको." भाकरी करायची, धुणं धुवायची, सगळं करायची. पण ज्यातून काही उगवणार, काही वाढणार, त्याला हात लावायची नाही. बाग आई होईल तेवढी बघायची. मोगरा मात्र बहरला होता. त्याच्याकडं मला बघवायचं नाही.

यंदा द्राक्षं उतरायच्या दिवसांत तिच्या भावजयीचं डोहाळजेवण होतं. आम्ही तिघं सांगलीकडं तिच्या माहेरी गेलो. बागेत घड पिकून फुटले होते, रसावर गांधीलमाश्या आणि मधमाश्यांची झुंबड. मेव्हणा करवादला होता. "दाजी, डाळिंबाच्या फुलोऱ्यात ह्याच माश्यांची वाट बघतो आन् आता ह्याच नको झाल्यात," असं म्हणत त्यानं मला मांडवात पुरुषांमध्ये बसवलं. आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. झोपाळा सजला होता.

मग हसणं थांबलं. मेव्हणा आत जाऊन आला, उतरलेल्या तोंडानं.

"दाजी, तुमीच समजवा आक्काला. आमची ही म्हणतीया, पहिली ओटी वन्संनीच भरायची, त्याशिवाय मी पाटावरनं उठत न्हाई. आन् आक्का मागं जाऊन बसलीया."

मी मागं गेलो. ती धुण्याच्या दगडावर बसली होती, नवीन साडीत. मेव्हण्याच्या घराच्या खिडकीवर, तिच्या डोक्याच्या वरच, कुंभारणीचं घर होतं. ताजं, अजून ओलसर. त्या खिडकीच्या आतल्या खोलीतच तिची भावजय बसली होती.

"मला आत न्यायला आला आसाल तर जावा," ती म्हणाली. "लेकरू हाय तिच्या पोटात. माझा हात लागायला नको."

आतून भावजयीचा रडवेला आवाज आला, "वन्सं, याकी वो!" ती उठली नाही. तिनं दोन्ही हात काखेत घालून घट्ट धरले होते, थंडी वाजल्यासारखे. आणि मला कळलं, की आज ती उठली नाही, तर परत कधीच उठणार नाही.

"ते घर मी पाडलं," मी म्हणालो.

"कंचं?"

"आपल्या चौकटीवरचं. रंग देताना पट्टीनं खरवडलं. तुझा झाडू लागलाच नव्हता. मी खोटं बोललो."

तिनं मान वर करून खिडकीवरच्या त्या ओल्या घराकडं बघितलं. मग तिनं विचारलं, "आत काय होतं?"

"अळ्या. एक पांढरी होती." मला थांबायचं होतं, पण थांबलो नाही. "जिवंत होती."

"कुठं टाकलंत?"

"मोगऱ्याच्या आळ्यात."

तिनं काखेतले हात काढले आणि तळवे उलटे करून बघितले. मला वाटलं, ती मला मारेल. मारायला हवं होतं.

"मी माती भिजवत होते तवा," ती म्हणाली, "तुमी खिडकीत उभं राहून चहा पीत होता."

"व्हय."

"रोज."

"व्हय."

ती उठली. "चला. आत येऊन म्हणा हे. आत्तींसमोर, समद्यांसमोर."

"आत बायका हायेत."

"म्हणूनच."

डोहाळजेवणाच्या खोलीत पुरुष जात नाहीत. मी चपला काढून आत गेलो, तसं सगळ्या पदर सावरू लागल्या. भावजय पाटावर हिरव्या साडीत, डोळे पुसत. आई ओटीचा नारळ घेऊन उभी होती. बायको माझ्यामागं दारात थांबली. पुढं आली नाही. माझं बोलणं व्हायची वाट बघत होती.

मी आधी आईला सांगितलं. पट्टी, रंग, खोटं, सगळं. आईनं नारळ खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मग मी मागं, बायकोकडं वळलो. पहिल्यांदा बोललो ते कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

"तुझ्या हातानं कधीच काही झालं नाही. घर मी पाडलं, आणि आळ तुझ्यावर जाऊ दिला. तू नळापाशी बसून माती मऊ करत होतीस, आणि मी बघत होतो, आणि गप्प बसत होतो. ते घर पाडण्यापेक्षा वाईट केलं मी. माझं चुकलं. मला माफ कर."